घरी आरव्ही लावायची आहे आणि वस्तीत एचओए आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत एचओएच्या (म्हणजे वस्तीचे नियम ठरवणाऱ्या घरमालकांच्या संघटनेच्या) वस्तीत राहणाऱ्या आणि आरव्ही (म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर) घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या आपल्या लोकांनी मला गेल्या काही वर्षांत विचारलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. मी वकील नाही, आमच्याकडे ट्रेलर आहे आणि त्यावरून आम्हाला पत्र येऊन गेलंय, त्यामुळे कागद वाचायची सवय लागली. गाडी अजून घेतली नसेल तर पहिले चार प्रश्न नीट वाचा, डीलरकडे नंतर जा.

जागा माझी, गाडी माझी, मग एचओए मनाई कशी काय करू शकते?

करू शकते. घर घेताना क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पुरा होताना, जो कागदांचा गठ्ठा हातात देतात त्यात सीसी अँड आर्स नावाचा, वस्तीतल्या घरांवरच्या अटी आणि बंधनांचा दस्तऐवज असतो, तो काउंटीत (जिल्ह्याच्या सरकारी दप्तरात) नोंदवलेला असतो आणि जमिनीला चिकटलेला असतो, म्हणजे मालक बदलला तरी तो तसाच राहतो, आणि तुम्ही वाचला की नाही याला काही अर्थ नसतो, घर घेतलं म्हणजे मान्य केलं. त्याच्या वर राज्याचा कायदा, त्याच्या खाली बायलॉज म्हणजे संघटनेचा कारभार चालवायचे नियम, आणि सगळ्यात खाली बोर्डाने, म्हणजे सभासदांनी निवडलेल्या मंडळाने, केलेले रोजचे नियम. खालचा नियम वरच्याशी भांडत असेल तर वरचा जिंकतो.

आणि हे सोडून शहराचे किंवा काउंटीचे झोनिंगचे, म्हणजे कुठल्या जागेत काय करता येतं याचे, नियम वेगळे असतात. इथे बरेच जण फसतात. सिटीत फोन करतात, तिथली बाई सांगते की साइडयार्डमध्ये, म्हणजे घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत, लावा काही हरकत नाही, आणि हे खूश होऊन गाडी घेऊन येतात. सिटीची परवानगी एचओएला बांधत नाही आणि एचओएची परवानगी सिटीला बांधत नाही, दोन्हीतला जो कडक असेल तो पाळायचा.

कागदात नेमकं काय शोधायचं?

नुसतं आरव्ही शोधू नका. जुन्या कागदांत तो शब्दच नसतो, तिथे ट्रेलर, कॅम्पर, मोटर होम, हाऊस ट्रेलर, बोट, ओव्हरसाइज्ड व्हेइकल असले शब्द असतात, आणि कधी कधी हे सगळं पार्किंगच्या कलमात नसून न्यूसन्सच्या (शेजाऱ्यांना उपद्रव) किंवा घराच्या दिसण्याच्या कलमात दडलेलं असतं. म्हणून सगळा दस्तऐवज वाचा, चाळीस पानं असली तरी एका रविवारी होतं.

वाचताना बघा की आरव्हीची व्याख्या काय केलीय, कुठे लावायला मनाई आहे (रस्त्यावर, ड्राइव्हवेवर की अख्ख्या लॉटवर म्हणजे घराच्या प्लॉटवर), लावायची मुभा असेल तर ती कुठल्या अटीवर, आणि किती तास. "लावू नये" आणि "बोर्डाच्या लेखी परवानगीशिवाय लावू नये" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, दुसऱ्या वाक्यात तुम्हाला अर्ज करायला जागा आहे. घराचे कागद सापडत नसतील तर काउंटी रेकॉर्डरकडे प्रत मिळते, आणि एचओएचा कारभार बघणाऱ्या मॅनेजमेंट कंपनीकडे ताजी नियमावली मागा, कारण बोर्डाचे नियम काउंटीत नोंदवलेले असतीलच असं नाही.

माझी तर साधी कॅम्पर व्हॅन आहे, तीही आरव्हीच का?

कॅम्पर व्हॅनला क्लास बी म्हणतात, म्हणजे स्प्रिंटर, ट्रान्झिट, प्रोमास्टर असल्या तयार व्हॅनवर बांधलेली गाडी. व्याख्या लांबी-उंचीवर असेल तर सुटायची शक्यता असते, पण "आत राहण्याची सोय असलेलं वाहन" असं लिहिलं असेल तर ती आरव्हीच. कॅलिफोर्नियाचा वाहन कायदा तर राहण्यासाठी कायमची बदललेली व्हॅन हाऊस कार म्हणूनच धरतो. माझ्या बघण्यात व्हॅनला लोक सगळ्यात कमी आक्षेप घेतात, ती रोज बाहेर जाते, परत येते, शेजाऱ्यांना सवय होते. पण यावर विसंबून घेऊ नका, बोर्डाला आधी ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. अध्यक्ष फोनवर "हो चालेल" म्हणाले आणि पुढच्या वर्षी अध्यक्षच बदलले, असं झालेलं मला माहीत आहे.

किती जागा लागते, माझ्या ड्राइव्हवेवर मावेल का?

टेप घेऊन बाहेर जा, अंदाजाने ठरवू नका. दोन गाड्यांच्या गराजसमोरचा ड्राइव्हवे बऱ्याच नव्या वस्त्यांत २० फुटांच्या आसपास असतो. क्लास बी साधारण १८ ते २४ फूट, क्लास सी म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ती बहुतेक वेळा २२ ते ३२, आणि बससारखी क्लास ए ४५ फुटांपर्यंत जाते. रुंदी साडेआठ फुटांपर्यंत, उंची साधारण ९ ते साडेतेरा फूट. साध्या गराजचं दार ७ किंवा ८ फूट उंच असतं, म्हणजे गराजमध्ये घालायचा विषय फक्त घडीच्या पॉपअप कॅम्परपुरता किंवा मुद्दाम आरव्हीसाठी बांधलेल्या उंच गराजपुरता.

ट्रेलर घेणाऱ्यांनी एक नक्की लक्षात ठेवा. मॉडेलच्या नावातला आकडा पुष्कळदा नुसत्या डब्याचा असतो, पुढची जी दांडी असते, जी गाडीला जोडतात, ती त्यात धरलेली नसते आणि ती तीन-चार फूट सहज खाते. आमच्या ट्रेलरच्या नावात २४ आहे, दारात आणून मोजला तर २८ भरला, आणि मागचं बंपर फुटपाथवर आलं. फुटपाथ अडवणं हे एचओए काहीही म्हणो, शहराच्या दृष्टीने चूक आहे, बाबागाडी घेऊन चालणारी आई किंवा व्हीलचेअरवरचा माणूस तिथून रस्त्यावर उतरतो, त्यामुळे यात मला स्वतःलाही सूट द्यावीशी वाटत नाही.

वजनाचंही बघा. ड्राइव्हवेचं काँक्रीट साधारण ४ इंच जाडीचं असतं आणि ते कारसाठी असतं, मोठ्या क्लास एचं वजन २० हजार पौंडांच्या वर जाऊ शकतं. गाडीसाठी वेगळा पॅड, म्हणजे काँक्रीटचा ओटा, घालणार असाल तर ६ इंच आणि आत सळई घाला, जॅकखाली लाकडाचे किंवा रबरचे जाड तुकडे ठेवा. सेप्टिक टँक असेल तर त्याच्या ड्रेनफील्डवर, म्हणजे टाकीचं पाणी जिथे जमिनीत मुरतं त्या भागावर, चुकूनही गाडी नेऊ नका, खालचे पाइप चेपतात. आणि नवा पॅड घालायला एचओएच्या आर्किटेक्चरल कमिटीची (घराच्या बाहेरचे बदल मंजूर करणारी समिती) परवानगी आणि काही ठिकाणी सिटीचं परमिटही लागतं, कंत्राटदाराला ॲडव्हान्स द्यायच्या आधी.

"रस्त्यावरून दिसू नये" म्हणजे नक्की काय?

हाच सगळ्यात वादाचा शब्द आहे, इंग्रजीत स्क्रीन्ड फ्रॉम व्ह्यू लिहितात. कुंपण सहसा ६ फुटांचंच घालू देतात आणि गाडी ११ फुटांची, मग वरचे ५ फूट दिसणारच. काही कागदांत "पूर्ण झाकलेली" लिहिलेलं असतं, काहींत "वाजवी आडोसा". पहिलं असेल तर कुंपणाने काम होणार नाही. दुसरं असेल तर गेटच्या मागे साइडयार्डमध्ये, घराच्या भिंतीला लागून, पुढच्या बाजूला उंच झाडं लावून, असा नकाशा काढून कमिटीकडे द्या, सोबत रस्त्यावर उभं राहून काढलेले फोटो. नकाशा आणि फोटो दिले की बोर्डाला विचार करावा लागतो, नुसती विनंती केली की "नियमात बसत नाही" एवढंच उत्तर येतं.

फ्लोरिडात राहात असाल तर २०२३ पासून तिथे कायदाच झालाय की लॉटच्या समोरून, शेजारच्या लॉटवरून किंवा लगतच्या सामायिक जागेतून जे दिसत नाही ते ठेवायला एचओए अडवू शकत नाही, आणि त्यात बोट आणि आरव्ही ही नावं घेऊन लिहिलीयेत. पण "दिसत नाही" ही अट तिथेही आहे, आणि सिटीचा वेगळा नियम असेल तर तो लागू होतोच.

वरून कव्हर घातलं तर?

नाही. कव्हर घातलेली आरव्ही ही आरव्हीच असते, आणि उडणारं फाटकं कव्हर त्यात अजून एक तक्रार वाढवतं.

सामान चढवायला-उतरवायला किती वेळ देतात?

बहुतेक कागदांत २४, ४८ किंवा ७२ तास असतात. ट्रिपच्या आधी वेगळे आणि नंतर वेगळे की मिळून, हे विचारून घ्या. लोकांना वाटतं सामान भरायला दोन तास पुरे, पण प्रोपेनवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज गार व्हायलाच रात्र जाते, पाण्याची टाकी भरायची, टायरची हवा बघायची, ब्रेकचे दिवे तपासायचे, हे घाईत केलं की हायवेवर भोगावं लागतं. तुमच्या वस्तीत फक्त १२ तास असतील तर हीच कारणं लिहून एक पूर्ण दिवस मागा, सुरक्षेचं कारण बोर्डाला पटतं.

आम्ही काय करतो तर दर ट्रिपच्या आधी मॅनेजमेंटला दोन ओळींचं ईमेल टाकतो, अमुक दिवशी संध्याकाळी आणतोय, अमुक दिवशी सकाळी निघतोय. कोणी मागितलेलं नाही, पण तक्रार आली तर त्यांच्याकडे आधीच उत्तर असतं आणि आपल्याकडे तारखा असतात. आणि हो, "दर ७२ तासांनी जरा हलवून परत लावली" ही युक्ती करू नका, अशाने पुढच्या मीटिंगला नियम सगळ्यांसाठीच कडक होतो.

मग रस्त्यावर लावू का?

आधी रस्ता कोणाचा ते बघा. गेटेड वस्तीतले रस्ते बहुधा एचओएच्याच मालकीचे असतात, तिथे त्यांचा नियम चालतो आणि पाट्या लावलेल्या असतील तर गाडी टो होऊ शकते. रस्ता सरकारी असेल तर राज्याराज्यात फरक पडतो, उदाहरणार्थ ॲरिझोनात २०१४ नंतर नोंदवलेल्या वस्त्यांत, बिल्डरचा ताबा संपल्यावर, सरकारी रस्त्यावर एचओएचा अधिकार चालत नाही.

पण सरकारी रस्ता म्हणजे मोकळं रान नव्हे. कॅलिफोर्नियातल्या पुष्कळ शहरांत ७२ तासांहून जास्त एकाच जागी उभी असलेली गाडी उचलतात. लॉस एंजेलिसमध्ये जिथे पाट्या आहेत तिथे २२ फुटांहून लांब किंवा ७ फुटांहून उंच गाडी रात्री २ ते सकाळी ६ उभी करता येत नाही. सॅन डिएगोतही २७ फुटांहून लांब आणि ७ फुटांहून उंच गाड्यांना, तसंच कुठल्याही आकाराच्या आरव्हीला, रात्रीच्या त्याच वेळेत बंदी आहे, मात्र तिथे रहिवाशांसाठी तात्पुरतं परमिट मिळतं. गाडीपासून सोडवलेला नुसता ट्रेलर रस्त्यावर ठेवायला तर कितीतरी शहरांत पूर्ण मनाई आहे.

पत्र आलंय, आता काय करू?

पहिलं म्हणजे ते ड्रॉवरमध्ये टाकू नका. आम्हाला पत्र आलं तेव्हा ट्रेलर नऊ दिवस दारात होता, एका टायरची बाजू फुगली होती आणि नवा टायर यायला वेळ लागला. मला आधी प्रचंड राग आला, एवढी वर्षं राहतोय, कोणी दार वाजवून विचारलं असतं तर काय बिघडलं असतं. पण राग बाजूला ठेवून त्याच संध्याकाळी उत्तर लिहिलं, टायरची पावती जोडली, कोणत्या तारखेला हलवणार ते लिहिलं आणि त्या तारखेला हलवला. दंड झाला नाही. पत्रात दिलेल्या मुदतीत दुरुस्त केलं तर बहुतेक प्रकरणं तिथेच संपतात.

मुदतीचे नियम राज्यावर आहेत. टेक्सासात दंड लावायच्या आधी सर्टिफाइड मेलने नोटीस द्यावी लागते, दुरुस्तीला वाजवी वेळ द्यावा लागतो आणि ३० दिवसांत तुम्ही बोर्डापुढे हिअरिंग, म्हणजे सुनावणी, मागू शकता, म्हणून तारीख मोजा आणि लेखी मागा. फ्लोरिडात १४ दिवसांची नोटीस लागते आणि दंडाचा निर्णय बोर्डाच्या बाहेरच्या किमान तीन जणांच्या कमिटीने मान्य करावा लागतो, दंड दर उल्लंघनाला १०० डॉलरपर्यंत, चालू राहणाऱ्या उल्लंघनाला रोज लागू शकतो, आणि कागदपत्रांत वेगळं लिहिलं नसेल तर एकूण १००० डॉलरच्या वर जात नाही. कॅलिफोर्नियात हिअरिंगच्या १० दिवस आधी नोटीस, आणि २०२५ च्या मध्यापासून आरोग्य किंवा सुरक्षेचा प्रश्न नसेल तर एका उल्लंघनाला १०० डॉलरहून जास्त दंड लावता येत नाही, शिवाय हिअरिंगच्या आधी चूक दुरुस्त केली तर दंडच लावता येत नाही. ही शेवटची गोष्ट खूप जणांना माहीत नसते.

हिअरिंगला जाताना आवाज चढवू नका, कागद न्या. कलम, फोटो, तारखा, ईमेल. बोर्डावरचे लोकही आपल्यासारखेच नोकरी करून संध्याकाळी फुकट वेळ देणारे शेजारी असतात.

दुसऱ्याची बोट वर्षभर उभी आहे, मलाच का पत्र?

हा मुद्दा खरोखर वजनाचा आहे, फक्त नीट मांडायला हवा. नियम सगळ्यांना सारखा लावावा लागतो, आणि काहींना सोडून एकालाच धरलं तर कोर्टात तो बचाव होऊ शकतो. पण एक फोटो काढून "तो बघा" म्हटल्याने तो सिद्ध होत नाही, त्यांना कदाचित परवानगी दिलेली असेल, कदाचित त्यांनाही पत्र गेलं असेल आणि ते तुम्हाला सांगणार नाहीत. वेगवेगळ्या तारखांचे फोटो ठेवा, बोर्डाला लेखी विचारा की हा नियम गेल्या वर्षात कसा लावला. शेजाऱ्यांची नावं घेऊन तक्रारी करत सुटू नका, त्यांच्याच शेजारी पुढची वीस वर्षं राहायचंय.

घर घेतलं तेव्हा परवानगी होती, आता नियम बदलला, मग?

कोणता कागद बदलला ते आधी बघा. बोर्डाचा नियम असेल तर तो बोर्ड एकटं बदलू शकतं, पण प्रक्रिया पाळून, जसं कॅलिफोर्नियात २८ दिवस आधी सभासदांना कळवावं लागतं. सीसी अँड आर्स बदलायला सभासदांचं मतदान लागतं, बऱ्याच वस्त्यांत दोन तृतीयांश. जुन्या मालकांना जुना नियम चालू ठेवणं, ज्याला इकडे ग्रँडफादरिंग म्हणतात, ते आपोआप होत नाही, दुरुस्तीत तसं लिहून घ्यावं लागतं, म्हणून मतदानाच्या आधीच्या मीटिंगला जाणं सगळ्यात महत्त्वाचं, नंतर ओरडून फार उपयोग नसतो. ॲरिझोनाच्या सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये म्हटलंय की मूळ कागदावरून मालकाला वाजवीपणे अंदाज येऊ शकला नसता असं बंधन बहुमताने नंतर लादता येत नाही, तिथल्या लोकांनी हे वकिलाला जरूर विचारावं.

दंड नाही भरला तर घरावर येईल का?

कॅलिफोर्निया आणि टेक्सासात नुसत्या दंडासाठी घर फोरक्लोज करता, म्हणजे वसुलीसाठी विकायला काढता, येत नाही. फ्लोरिडात १००० डॉलरच्या आतल्या दंडाचं लीन, म्हणजे बोजा, घरावर चढवता येत नाही. पण वकिलांची फी वाढत जाते, घर विकताना थकबाकी समोर येते, आणि एचओए कोर्टात जाऊन गाडी हलवायचा हुकूम आणू शकते, तेव्हा न भरता बसून राहणं हा मार्ग नाही.

अपंगत्वामुळे गाडी जवळ हवी असेल तर?

फेअर हाऊसिंग ॲक्टमध्ये १९८८ पासून अपंगत्वासाठी वाजवी सवलत मागण्याचा हक्क आहे आणि तो एचओएलाही लागू होतो. व्हीलचेअरची लिफ्ट त्याच गाडीत असेल, दर आठवड्याला उपचाराला त्यातूनच जावं लागत असेल, तर डॉक्टरांच्या पत्रासह लेखी मागा.

घरी विजेला कशी जोडायची?

बॅटरी चार्ज ठेवायला साधं १५ अँपचं सॉकेट आणि अडॅप्टर पुरतं, त्यावर एसी चालवू नका. नवं सॉकेट बसवणार असाल तर इथे लक्ष द्या, पैसे वाया जायची सगळ्यात मोठी शक्यता इथे आहे. आरव्हीचं ३० अँपचं सॉकेट १२० व्होल्टचं असतं. घरातल्या ड्रायरचंही ३० अँपचं असतं पण ते २४० व्होल्टचं, आणि आरव्ही न बघितलेला इलेक्ट्रिशियन सवयीने २४० ची वायर टाकून जातो, मग पहिल्यांदा प्लग लावला की मायक्रोवेव्ह, कन्व्हर्टर सगळं जळतं. त्याला आधी सांगा, आणि लावायच्या आधी मीटरने मोजून घ्या. ५० अँपचं सॉकेट मात्र १२०/२४० चंच असतं, तेच इलेक्ट्रिक कार चार्ज करायलाही वापरतात. फुटपाथवरून वायर ओढू नका.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत, ते आरव्हीत राहिले तर?

हा प्रश्न आपल्या लोकांकडून फार येतो आणि मला त्यामागची अडचण कळते, घर लहान आहे, मुलांच्या परीक्षा आहेत. पण नाही. बहुतेक शहरांचं झोनिंग घराच्या आवारात आरव्हीत राहायला मनाई करतं, काही ठिकाणी पाहुण्यांना थोडे दिवस चालतं, सहा महिने नाही. एचओएत तर स्लाइडआउट (आतली जागा वाढवायला भिंतीतून बाहेर सरकणारा भाग) बाहेर काढलेली आणि रात्री दिवे दिसणारी गाडी लगेच नजरेत येते. आणि सांडपाण्याचं काय करणार? टाकीचं पाणी, अगदी भांड्यांचंसुद्धा, रस्त्यावरच्या गटारात सोडणं बेकायदेशीर आहे, ते पाणी प्रक्रिया न होता थेट ओढ्या-नद्यांत जातं. त्यांना घरातली खोली द्या, मुलांना एखाद्या वीकेंडला कॅम्पग्राउंडवर गाडीत झोपवा.

शेजाऱ्यांशी आधी बोलावं की नको?

बोलाच. आमचं पत्र मिटल्यावर मी समोरच्या वयस्कर बाईंकडे गेलो, मला वाटत होतं तक्रार त्यांचीच. त्यांनी केली नव्हती, पण म्हणाल्या की ते नऊ दिवस त्यांना गाडी मागे घेताना डावीकडचा रस्ता दिसत नव्हता आणि त्यांनी त्या आठवड्यात ड्रायव्हिंगच टाळलं. हे कुठल्याच कलमात लिहिलेलं नव्हतं. आता ट्रेलर आणतो तेव्हा ड्राइव्हवेच्या उजव्या कडेला लावतो, त्यांची बाजू मोकळी ठेवतो, आणि निघायच्या आदल्या दिवशी त्यांना सांगून येतो.

काहीच जमलं नाही तर स्टोरेज कसं बघायचं?

गाडी घ्यायच्या आधीच बघा, कारण बऱ्याच भागांत वेटिंग लिस्ट असते आणि मासिक भाडं हा आरव्हीच्या खर्चाचाच भाग आहे, उघड्यावरची जागा सगळ्यात स्वस्त, छप्पर असलेली त्याहून जास्त, बंद गाळा सगळ्यात महाग. भाड्यापेक्षा गेट किती वाजता उघडतं ते आधी विचारा, पहाटे पाचला निघायचं असेल आणि गेट सातला उघडत असेल तर गाडी आदल्या दिवशीच घरी आणावी लागते आणि परत तासांचा हिशोब सुरू होतो. आत वळायला किती रुंद जागा आहे, वीज आहे का, डंप स्टेशन (सांडपाण्याची टाकी रिकामी करायची जागा) आहे का, कॅमेरे आहेत का हे स्वतः जाऊन बघा. घराच्या इन्शुरन्समध्ये आरव्ही सहसा धरलेली नसते, तिची वेगळी पॉलिसी लागते, आणि गाडी महिनोन्महिने उभीच राहणार असेल तर स्टोरेज कव्हरेज विचारा, हप्ता कमी होतो, फक्त रस्त्यावर काढायच्या आधी फोन करून पूर्ण कव्हरेज परत चालू करून घ्या. ठेवताना प्रोपेन बंद करा, टायरवर ऊन लागणार नाही अशी कव्हरं घाला, आणि महिन्यातून एकदा जाऊन बॅटरी आणि छताच्या कडा बघून या, पाणी शिरायला सुरुवात तिथूनच होते.